हेल्मेटला तडा नव्हता

आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव तापट आहे. बर्फाच्या रिंकवरच्या पोरी माझ्यामागे मला 'भट्टी' म्हणतात आणि समोर मावशी. मला दोन्ही ऐकू येतं. एवढ्या गारठ्यात बसून हिला एवढी उष्णता मिळते कुठून, असं कोच एकदा म्हणाला होता. त्याच्या हातात मी धार न लावलेले स्केट ठेवले आणि म्हटलं, घ्या, हे घालून चालून दाखवा. तेव्हापासून तो जपून बोलतो.

माझं काम सामानखोलीत. मुलींच्या आइस हॉकी संघाचं सगळं सामान माझ्या ताब्यात. स्केटच्या पात्यांना धार लावायची, ओले हातमोजे वाळवायचे, स्टिकांना पट्टी गुंडाळायची आणि हेल्मेटं सांभाळायची. हेल्मेटं हा माझा खास विषय. भिंतीवर हुकांना तेवीस हेल्मेटं टांगलेली. दर सोमवारी एकेक खाली काढून जाळीचे स्क्रू, हनुवटीचा पट्टा, आतला फोम आणि मागचा मुदतीचा शिक्का बघते. कवचावरून अंगठा दाबत फिरवते. बारीकसा तडा हाताला लागला तरी ते हेल्मेट थेट कचऱ्यात, मग ती पोरगी कितीही लाडीगोडी लावू दे.

याच संघात माझी भाची खेळते, पुढच्या फळीत. ताईची एकुलती एक लेक, वय एकोणीस. पाय जमिनीवर ठरत नाही म्हणून लहानपणीच तिचं नाव भिंगरी पडलं. ताई शहरातली बस चालवते. तिच्या पाळ्या वेड्यावाकड्या, घरात दुसरं कुणी नाही, त्यामुळे शाळा सुटली की पोरगी माझ्याकडे. माझ्या काउंटरखाली पाय पसरून गृहपाठ करायची आणि वरून मशीनच्या ठिणग्या उडताना बघायची. बर्फावर तिला पहिल्यांदा उभं मी केलं. पडली तेव्हा उचलली नाही, तेही मीच. ऊठ म्हटलं नुसतं.

आमचा एक खेळ होता. रोज एक प्रश्न, आणि उत्तर दिल्याशिवाय स्केट मिळायचे नाहीत. सामन्याआधी पक, ती खेळायची चकती, गोठवून का ठेवतात? रबराने बर्फावर उड्या मारू नयेत म्हणून. बर्फ गुळगुळीत करणारी गाडी गार पाणी सोडायचं टाकून गरम का सोडते? गरम पाणी खालच्या बर्फाला नीट धरून बसतं म्हणून. मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये नव्या खेळाडूंना हेल्मेटची सक्ती कधी झाली? एकोणीसशे एकोणऐंशीला. जुन्यांना मोकळीक होती, त्यातला शेवटचा उघड्या डोक्याचा खेळाडू सत्त्याण्णव सालापर्यंत खेळला. यावर भिंगरी दरवेळी म्हणायची, "केस छान असतील मेल्याचे!" एकोणीसशे सत्तावीस साली कुण्या विद्यापीठाच्या संघातली मुलगी तलवारबाजीचा मुखवटा लावून गोलमध्ये उभी राहिली, हा तर तिचा लाडका प्रश्न. मी विचारायच्या आधीच उत्तर देऊन मोकळी व्हायची.

आणि घरी गेली की व्हिडिओ गेम. तिथलीही हेल्मेटं मला माहीत झाली, नाइलाजाने. बंदुकांच्या एका गेममध्ये तीन प्रतीची हेल्मेटं असतात. तिसऱ्या प्रतीचं घातलं की डोक्यात गोळी बसली तरी माणूस पळत राहतो. हेल्मेटची ताकद दाखवणारी पट्टी रिकामी होते, मग जमिनीवर पडलेलं दुसरं उचलून घालायचं. हॉकीच्या गेममध्ये जोराची धडक बसली की हेल्मेट उडून जातं आणि पुढच्या डावात पुन्हा डोक्यावर हजर. मी सोफ्यावर बसून करवादायचे. अगं, हेल्मेट कवटी वाचवतं, आतला मेंदू काय खिळ्याने ठोकून बसवलाय? तो आतल्या आत आपटतोच. ती म्हणायची, "मावशी, गेम आहे तो. घे, तूपण एक मर." आणि माझ्या हातात कंट्रोलर द्यायची.

म्हणजे बोलायला मी शहाणी. आता माझी करणी ऐका.

मोसम सुरू व्हायच्या आधी डॉक्टरबाई प्रत्येक मुलीची डोक्याची चाचणी घेतात. कॉम्प्युटरसमोर बसायचं. शब्द दाखवतात ते लक्षात ठेवायचे, आकडे उलटे म्हणायचे, रंग बदलला की बटण दाबायचं. मिळालेले गुण जपून ठेवतात. पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला की तिला पुन्हा तीच चाचणी. गुण घसरले तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बर्फावर पाय ठेवायचा नाही.

मुलींनी यावर तोड काढलेली आहे. पहिल्या चाचणीत मुद्दाम चुकायचं. दहातले पाचच शब्द सांगायचे, बटण जरा उशिराने दाबायचं. सुरुवातच खालून केली की मार बसल्यावर घसरायला जागाच उरत नाही. ही युक्ती माझी नाही. माझ्या आधीपासून या खोलीत होती. पण चाचणीच्या दिवशी स्केट हातात देताना "जास्त हुशारी दाखवू नका गं, जरा मठ्ठ बना," असं प्रत्येकीला कोण सांगायचं? मी. आठ मोसम सांगितलं. पोरी खिदळायच्या. मला वाटायचं, मी त्यांची बाजू घेतेय. डॉक्टरबाई बाहेरच्या, आम्ही आतल्या. भिंगरीलाही सांगितलं. तिने इतके कमी गुण आणले की डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, रात्री झोप झाली नव्हती का? घरी येऊन तिने ते नक्कल करून दाखवलं आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

तर तो गुरुवार. रविवारी दुपारी मोठा सामना होता. देशाच्या संघासाठी मुली निवडायला दोन बायका खास येणार होत्या. आमच्या संघाचा सामना बघायला याआधी कुणी चिटपाखरू आलेलं नव्हतं. भिंगरी महिनाभर धड जेवत नव्हती, जेवायला बसली तरी पाय हलत असायचे. गुरुवारी आपसातला सराव सामना होता. ती पक बघायला खाली वाकली, मागून बचावातली उंच पोर आली आणि भिंगरी डोक्यावरच रिंकच्या कठड्यावर जाऊन आदळली. उंच पोरीचा काही दोष नाही, खेळात होतं असं. मी दारात उभी होते. डोकं आपटल्याचा आवाज मी ऐकला. पण भिंगरी लगेच उठली, हात वर करून ठीक आहे म्हणाली आणि सगळ्यांनी स्टिका बर्फावर आपटून तिला शाबासकी दिली.

डॉक्टरबाईंनी तिला आत नेलं. डोळे बघितले, एका पायावर उभं केलं, अर्ध्या तासाने कॉम्प्युटरसमोर बसवलं. मोसमाच्या सुरुवातीला होते त्याहून दोन गुण जास्तच आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आज आराम, उद्या हलका सराव. काही वाटलं तर मला सांगायचं. रविवारी खेळायला हरकत दिसत नाही."

मी तिचं हेल्मेट दिव्याखाली धरून तीनदा तपासलं. अंगठा फिरवला, फोम काढून आतून बघितलं. तडा नव्हता. स्क्रूसुद्धा जागचा हलला नव्हता. भिंगरी काउंटरवर हनुवटी टेकून उभी होती. म्हणाली, "मावशी, लाइफ किती उरलंय?"

"शंभर टक्के," मी म्हटलं.

मला ठाऊक होतं की कवच शाबूत म्हणून आतलं शाबूत असं नसतं. पण रविवार तिला मिळावा असं मलाही वाटत होतं. मी स्वतःची समजूत घातली आणि हेल्मेट हुकाला लावून टाकलं.

शुक्रवारी ती आली ती डोळे बारीक करून. माझ्या खोलीतला ट्यूबचा उजेड कधीच एवढा नव्हता म्हणाली. मी हसले. म्हटलं, आज तुला सोपा प्रश्न. "एकोणीसशे एकोणसाठ साल. गोलरक्षकाच्या तोंडावर पक बसला. टाके घालून परत आला आणि म्हणाला, मुखवटा घातला तरच उभा राहीन. कोचला ते पसंत नव्हतं. तरी त्याचं ऐकावं का लागलं?"

दहा वर्षांची असल्यापासून तिला हे येत होतं. संघाकडे दुसरा गोलरक्षकच नव्हता, एवढंच उत्तर. ती माझ्याकडे बघत राहिली.

"कुठला गोलरक्षक?"

"अगं, एकोणसाठचा. मुखवटा."

"मला काय माहीत! काय कटकट आहे गं तुझी? रोज तेच ते, रोज तेच ते. म्हातारचळ लागलाय तुला. स्केट दे इकडे!" तिने हातमोजा भिंतीवर फेकला. एक हेल्मेट खाली पडून गडगडत गेलं.  मागे बाकावर बसलेल्या पोरी सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, आता भट्टी पेटणार म्हणून.

मी पडलेलं हेल्मेट उचलून हुकाला लावलं. स्केट दिले.  भिंगरी रुसते, रडते, हट्ट करते, पण असं फाडकन कुणाच्या अंगावर जात नाही. असं बोलते ती मी.

इथे माझं थोडं सांगायला हवं. चोवीस वर्षांची असताना मी गोलमध्ये उभी राहायचे. एका सामन्यात दोघीजणी माझ्या अंगावर आल्या आणि माझं डोकं गोलच्या खांबावर बसलं. हेल्मेट होतं. तेही शाबूत राहिलं. दोन दिवसांनी मी पुन्हा खेळले आणि आम्ही जिंकलोसुद्धा. मग वर्षभर डोकं ठणकायचं. वास येणं बंद झालं, ते आजतागायत. दूध जळलं तरी मला कळत नाही. आणि हा राग तेव्हापासूनचा. नवरा होता, भला माणूस, दीड वर्षात कंटाळून निघून गेला. मी त्याला दोष देत नाही. ताई कधी कधी म्हणते, तू घरात सगळ्यांत शांत होतीस गं. मला ती शांत बाई आठवत नाही. ताई सांगते म्हणून मी मान्य करते.

एवढं सगळं ठाऊक असून मी शुक्रवारी घरी गेले, जेवले आणि झोपले. काल डॉक्टरने तपासलंय, गुण चांगले आलेत, सामन्याचा ताण असेल, असं म्हणत झोपले. याची मला लाज वाटते.

शनिवारी सकाळी राहवेना. ताईच्या घरी गेले. ताई सहाच्या बसवर गेलेली. माझ्याकडे किल्ली असते. आत सगळे पडदे ओढलेले आणि भिंगरी सोफ्यावर बसून तोच बंदुकांचा गेम खेळत होती. आवाज बंद, पडद्याचा उजेड इतका कमी केलेला की काही दिसू नये. मी तिच्या शेजारी बसले. तिचा शिपाई एका भिंतीकडे तोंड करून चालत होता. भिंतीशी थांबला नाही, वळला नाही, नुसता भिंतीत पाय मारत होता. मागून कुणीतरी गोळ्या घातल्या, हेल्मेटची पट्टी रिकामी झाली, तरी भिंगरीची बोटं तशीच.

"बाळा, डोकं दुखतंय?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही म्हटलं ना!" ती उठली, सोफ्याची पाठ धरली, मग धावत स्वयंपाकघरात गेली आणि बेसिनमध्ये भडाभडा ओकली. मी तिची पाठ धरली. तिच्या अंगाला थरथर सुटली होती. तोंड धुऊन ती तिथेच फरशीवर बसली, कपाटाला टेकून.

"किती वेळा झालं असं?"

"काल दोनदा. आज हे पहिलंच." मग माझा हात धरला. "मावशी, उद्याचा दिवस. फक्त उद्याचा. सोमवारी तू म्हणशील तिथे येते. हॉस्पिटल, मशीन, काय हवं ते. तुझी शपथ."

"उद्या नाही. आत्ता." मी फोन काढला.

"कुणाला करतेस?"

"डॉक्टरबाईंना."

तिचा चेहरा बदलला. "कर. आणि हेही सांग, चाचणीत मठ्ठ बनायला मला कुणी शिकवलं. सांगशील? तुझी नोकरी जाईल, मावशी. सगळा संघ तुझ्या नावाने खडे फोडेल." मग एकदम रडायला लागली. "तुला कधी कुणी बघायला आलं नाही, म्हणून मलाही कुणी बघू नये असं वाटतं ना तुला?"

एरवी कुणी मला असं बोललं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. तेव्हा मी नुसती नंबर शोधत राहिले, कारण डोळ्यांत पाणी आल्याने मला अक्षरं दिसत नव्हती.

डॉक्टरबाईंनी तिसऱ्या वेळी फोन उचलला. उलटीचं सांगितलं, उजेडाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोट बिघडलं असेल का? कारण तिचे गुण उत्तम आहेत. घसरलेले नाहीत, वाढलेत."

आता सांगणं आलं. भिंगरी खालून माझ्याकडे बघत होती.

"ते गुण खोटे आहेत, डॉक्टर. सुरुवातीचे. तिने मुद्दाम चुकीची उत्तरं दिली होती. मी शिकवलं होतं तिला."

 डॉक्टरबाईंनी भराभर विचारलं. बोलताना अडखळते का, दोन्ही हात सारखे हलतात का, डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या दिसतात का? मी मोबाइलचा उजेड धरून बघितलं. उजवी बाहुली डावीपेक्षा मोठी होती. ते सांगितलं. "हलवू नका तिला," त्या म्हणाल्या, "अँब्युलन्स पाठवतेय. झोपू देऊ नका." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "हे फक्त तिलाच शिकवलंत ना?"

भिंगरीला पलीकडचा आवाज ऐकू गेला होता. तिने मान जोरजोरात हलवली. ओठ हलवून म्हणाली, हो म्हण. फक्त मला, म्हण. मावशी, प्लीज. तिला समजत होतं ते मलाही समजलं. एकटीचे गुण खोटे असतील तर एकटी घरी बसेल. सगळ्यांचे खोटे असतील तर उद्या संघच बर्फावर उतरणार नाही, आणि ज्या बायका बघायला येणार त्या रिकाम्या हाताने परत जातील. बावीस पोरी. त्यातल्या निम्म्यांचं हे शेवटचं वर्ष.

माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. खोटं कशाला सांगू.

"सगळ्यांना शिकवलं," मी म्हटलं. "आठ मोसम."

भिंगरीने माझा हात सोडला आणि तोंड कपाटाकडे फिरवलं. अँब्युलन्स येईपर्यंत तिला जागं ठेवायला मी बडबडत होते, काय बोलत होते देव जाणे. तिने एका अक्षराने उत्तर दिलं नाही. शेवटी शेवटी ते रागाने की आणखी कशाने, ते मला कळेना, म्हणून मी तिच्या गालावर चापट्या मारत राहिले.

कवटीच्या आत रक्त साचलं होतं. गुरुवारपासून थेंब थेंब. दुपारी दोनला तिला ऑपरेशनला नेलं. सर्जन तरुण होता, थेट बोलणारा. म्हणाला, उद्या साधा धक्का जरी बसला असता तरी आमच्याकडे आणायला काही उरलं नसतं. ताई बसच्या गणवेशात आली, गळ्यात ओळखपत्र तसंच. बस अर्ध्या वाटेत दुसऱ्या ड्रायव्हरच्या हवाली करून आली होती. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, स्वतःला काही न वाचवता.

"तू शिकवलंस," ताई म्हणाली.

"हो."

"आणि मला घरात हसत सांगितलं होतं तिने. मीपण हसले होते." मग ती उठली आणि तीन खुर्च्या सोडून जाऊन बसली. संध्याकाळी सहापर्यंत आम्ही तशाच बसलो. ऑपरेशन नीट झालं, असं सांगायला सर्जन आला तेव्हा तिने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग मान खाली घालून ढसाढसा रडली. मी तिच्याजवळ गेले नाही. तिने बोलावलं नाही.

रविवारचा सामना झाला नाही. निवडीच्या बायका निम्म्या वाटेतून परतल्या म्हणे. दुपारी मी रिंकवर गेले, कारण घरी बसवेना. पोरी आपापलं सामान न्यायला आल्या होत्या. भिंगरीची चौकशी सगळ्यांनी केली. पण माझ्या डोळ्याला डोळा कुणी देईना. कप्तान सगळ्यांत मोठी, सव्वीस वर्षांची, गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालेली. तिने हेल्मेट काउंटरवर ठेवलं. म्हणाली, "मावशी, तू बरोबर केलंस. मला कळतं. पण मला तुझं तोंड बघायचं नाहीये." मी म्हटलं, बरं. उंच पोर मात्र मागे रेंगाळली. माझ्यामुळे झालं ना, म्हणून विचारत होती. तिला सांगितलं, वेडे, तुझ्यामुळे काही नाही. मग तीही गेली.

सोमवारी सगळ्या पोरींची चाचणी नव्याने झाली, या वेळी खरी. त्याच दिवशी कोचने माझ्याकडून किल्ल्या घेतल्या. बिचारा माफी मागत होता. मी त्याला गप्प बसा म्हटलं.

चौथ्या दिवशी ताईने मला भिंगरीच्या खोलीत जाऊ दिलं. डोक्याला पट्टी, एका बाजूचे केस काढलेले, ओठ सुकलेले. मला बघितल्याबरोबर पोरगी हसली, तोंडभर. हात पुढे केला. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, केलं माफ. मी तिचा हात धरून बसले. तिने माझी बोटं दाबली आणि विचारलं, "मावशी, रविवारी किती गोल झाले माझे?"

खिडकीशी उभ्या ताईने तोंड बाहेर फिरवलं.

मी सांगितलं. सामना झाला नाही बाळा. तुझ्या डोक्यात रक्त साचलं होतं. मी डॉक्टरांना सगळ्यांचं सांगितलं, म्हणून संघच उतरला नाही. सुरुवातीला ती समजूतदारपणे ऐकत होती. मग तिचा हात माझ्या हातातून गेला. "तू?" म्हणाली. "माझी मावशी असून?" मग रडणं, मग ओरडणं, मग मला 'चालती हो'. नर्स धावत आली आणि मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी मी दारात घाबरत उभी राहिले. ती हसली. हात पुढे केला. "मावशी! कुठे होतीस इतके दिवस? रविवारी जिंकलो का आपण?"

मेंदूला सूज आहे, सर्जन म्हणाला. नवं काही धरून ठेवता येत नाहीये सध्या. जुनं सगळं आहे. काही आठवड्यांत येईल, बहुतेक. हा 'बहुतेक' शब्द तो फार वापरतो.

ताईने मला बाहेर जिन्यात गाठलं. आम्ही दोघी त्या दिवसानंतर पहिल्यांदा धड बोललो. "कशाला सांगतेस तिला?" ताई म्हणाली. "जिंकलात म्हण. दोन गोल केलेस म्हण. उद्या विसरणारच आहे ना? एक दिवस तरी सुखात जाईल पोरीचा. आणि तुझाही."

माझाही. तिने बरोबर ओळखलं होतं. खोटं सांगितलं तर दिवसभर माझा हात तिच्या हातात राहील, हे मला कळत नव्हतं असं नाही. रात्रभर मी त्यावर विचार केला. पण ताई, एक ना एक दिवस तिला ऐकलेलं धरून ठेवता येईल. तो कुठला दिवस असेल हे मला कसं कळणार? त्या दिवशी मी खोटं बोलले असेन तर तेच तिच्या डोक्यात बसेल, आणि त्या डोक्याशी मी आधीच एकदा खेळ केलाय. हे मी ताईला सांगितलं. त्या दिवसापासून मी आत गेले की ती खोलीबाहेर जाऊन उभी राहते.

सहाव्या दिवशी सांगितलं. सातव्या दिवशी सांगितलं. आठव्या दिवशी तिने माझ्यावर पाण्याचा ग्लास फेकला. नर्स मला म्हणाली, बाई, तुम्ही कशाला येता रोज? मी तिला झापणार होते, पण म्हटलं जाऊ दे, तिचंही बरोबर आहे.

आज नववा दिवस. मी दारातून आत गेले तशी भिंगरी हसली आणि हात पुढे केला. मी खुर्ची जवळ ओढली, बसले, तिचा हात दोन्ही हातांत घेतला. तिने तोंड उघडलं तसं मी म्हटलं, "थांब गं जरा. धाप लागलीय मला, जिना चढून आले." ती थांबली. मी तिचा हात तसाच धरून बसून राहिले.